गोळी आणि भाकर

माझी माय साठीची. शहाद्याकडं दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते. साखर निघून सहा वर्षं झाली. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, तरी घरी पाकिटं पडून. डॉक्टर म्हणाला, अडाणी लोक. मीही मान डोलावली. जयंतीला भाषणं ठोकणारा मी!

एकदा सरळ तिलाच विचारलं.

"पोटमा काही नही, मंग गोळी कशी लेऊ?"

उपाशीपोटी गोळी घेऊन वावरात गेली होती. घाम फुटला, हातपाय कापायला लागले, तिथंच बसली. मालकानं अर्धी मजुरी कापली. ग्लिमेपिराइड घेऊन जेवलं नाही तर साखर एकदम उतरते, हे मी नंतर वाचलं. तिला ते अंगानं आधीच कळलं होतं. अडाणी कोण?

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १५ एप्रिल १९४८ ला लग्न झालं, तेव्हापासून त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी बघायला घरात डॉक्टर असलेल्या माईसाहेब होत्या. माझ्या मायचं बघायला कोण? मीच की.

आता पहाटे भाकर मी थापतो. वाकडी होते, ती हसते. भाकर पुढ्यात आली की मगच गोळी. डॉक्टरला तिच्या कामाच्या वेळा सांगितल्या, तेव्हा त्यानंच सुचवलं म्हणून पदराला गुळाचा खडा बांधून जाते. साखरेच्या बाईच्या पदरात गूळ! सगळ्या बाया विचारतात.