जुन्या राजदूतवरून मेणवलीला

दोस्तांनो, रविवारी पहाटे उठायची तयारी आहे ना? मग चला, 'राजदूत ३५०'च्या मागच्या सीटवर बसा. पुण्याहून वाईजवळच्या मेणवलीला जायचंय. तिथे कृष्णेच्या घाटावर जुन्या मोटारसायकलींचे आठ-दहा वेडे जमणार आहेत. बॅनर नाही, भाषण नाही, शर्यत तर मुळीच नाही! आणि हो, हेल्मेट आधी. मागे बसणाऱ्यालाही ते हवंच.

ही गाडी मूळची जपानची, यामाहा आरडी ३५०. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ साली ती आपल्याकडे आणली. दोन सिलिंडर, सहा गिअर! पण पेट्रोल फार प्यायची. काही वर्षांतच तिचं उत्पादन थांबलं.

किक मारली की निळसर धूर निघतो. घाबरू नका! टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर थोडं ऑइलही जळतं, त्याचा तो धूर. (शेजारच्या आजींना हे कारण अजून पटलेलं नाही.)

खंबाटकी घाट ती हसत चढते. खरी परीक्षा उतारावर. फोर-स्ट्रोक गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच वेग धरून ठेवतं. टू-स्ट्रोकमध्ये तो आधार फार थोडा. त्यात मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडच्या गाडीला ड्रम ब्रेक. इंजिन शर्यतीचं आणि ब्रेक साधे! म्हणून चालवणारा वळणाच्या बराच आधी वेग उतरवतो, पुढच्या ट्रकपासून लांब राहतो. मधूनच तो क्षणभर अ‍ॅक्सिलरेटर पिळतो ना, तो रुबाब नव्हे बरं का! अ‍ॅक्सिलरेटर बंद असला की इंजिनला ऑइलही कमी मिळतं. ते पुरेसं मिळालं नाही तर पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक धावता धावता अडकतं. म्हणून त्याची बोटं कायम क्लचवर.

सुरूरला उजवीकडे वळलं की वाई, आणि तिथून मेणवली अगदी जवळ. नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईहून आलेली मोठी घंटा बघून घ्या, मग गाड्यांकडे या. ही येझदी. हिचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच! हिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. नवे सुटे भाग सहज मिळत नाहीत, म्हणून इथे चहाबरोबर चौकशा चालतात, "पिस्टनच्या रिंगा आहेत का हो कुणाकडे?" एखादा पिशवीतून जुनी केबल काढून देतो. पैशांचं नंतर बघू म्हणतो.

निघण्याआधी प्लग काढून बघायचा. काळा, तेलकट असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त होतंय. पांढराफटक असेल तर इंजिन फार तापतंय, तसं निघायचं नाही. चहासारखा तपकिरी दिसला? मग बसा मागे!