एका भांड्यातून साऱ्या घराला

डिसेंबर महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो; मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी. चौविहार पाळणाऱ्या व्यापारी घराला हा अर्धा तास चांगलाच जाणवतो, कारण नेमक्या याच दिवसांत धानाची आवक जोरात असते. काट्यावर पोती चढत असतात, हमालांचा हिशेब व्हायचा असतो, आणि तेवढ्यात घरून निरोप येतो की ताट वाढले आहे. घरचा कर्ता पुरुष घाईघाईने येतो, चार घास घेतो, पाणी पितो आणि पुन्हा दुकानी जातो. मुले शिकवणीहून थेट स्वयंपाकघरात येतात. सुना सर्वांत शेवटी, एक डोळा घड्याळावर ठेवून जेवतात. नियम पाळला जातो. पंगत मात्र बसत नाही.

वडशाच्या अशाच एका धान व्यापाऱ्याच्या घरी पुण्यात शिकणारी नात सुट्टीला आली आणि तिने एक नवा पदार्थ करण्याचे मनावर घेतले. पालक, मका आणि ढोबळी मिरची पांढऱ्या सॉसमध्ये घोळवायची, वर भरपूर चीज पसरायचे, भांडे ओव्हनमध्ये भाजायचे आणि वरचा थर खरपूस झाला की तसेच गरम भांडे मध्ये ठेवून सर्वांनी भोवती बसायचे. पाश्चात्त्य देशांत याला डिप म्हणतात. ताटे वेगळी वाढायची नाहीत. हातात कुरकुरीत काही घ्यायचे आणि त्यावर हे उचलून खायचे, ही त्याची रीत. तिच्या मनात हेतू एकच होता, सारे घर निदान एकदा एकत्र बसावे.

दादींनी सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हटले, “करा बेटा तुम्ही. मी माझी खिचडी घेईन.”

त्या बोलण्यात राग नव्हता, तरी नातीला ते लागले. एकत्र बसण्यासाठी योजलेल्या पदार्थातून घरातील सर्वांत वडील व्यक्तीच बाजूला राहणार होती. तिने विचारले, “दादी, तुम्हाला यातले काय चालत नाही, ते एकेक सांगा ना.”

पहिली अडचण चीजची निघाली. चीजसाठी दूध रेनेट नावाच्या द्रव्याने जमवितात. परंपरेने ते दूधपित्या वासराच्या जठरातून काढले जाई. इटलीचे प्रसिद्ध पार्मेसान चीज आजही त्यानेच बनते. आपल्याकडे २००१ मध्ये शाकाहारी पदार्थांवरील हिरव्या ठिपक्याची अधिसूचना निघाली, आणि भारतीय कंपन्यांच्या चीजमध्ये आता बहुधा सूक्ष्मजीवजन्य रेनेट असते. वेष्टनावरचा ठिपका पाहून अनेक घरांची शंका फिटते. दादींची शंका मात्र “सूक्ष्मजीवजन्य” या शब्दानेच वाढली!

दुसरी अडचण लोण्याची. पांढऱ्या सॉसचा आरंभ लोण्यात मैदा परतून होतो, आणि लोणी हे मद्य, मांस व मध यांच्यासह चार महाविगयांत गणले जाते. तिसरी लसणाची, ती सांगण्याची गरजच नव्हती. चौथी पावाची. पाव आंबवलेला आणि बहुधा आदल्या दिवशीचा असतो. पाचवी सर्वांत मोठी: एका भांड्यात अनेकांचे हात. चावलेला तुकडा पुन्हा भांड्यात बुडाला की अन्न उष्टे होते, आणि लाळेच्या संसर्गाने त्यात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, असे आपली परंपरा मानते. पाश्चात्त्य मेजवानीतही चावलेला तुकडा पुन्हा बुडविणे असभ्य समजतात, ही गोष्ट नातीने तिथल्या तिथे सांगितली, तेव्हा दादींना हसू आले.

पाचही अडचणी कागदावर आल्या तेव्हा असे दिसले की एकीनेही मूळ पदार्थ अडत नाही.

चीजच्या जागी घरचे पनीर आले. १ लिटर साय न काढलेले दूध उकळून उतरवावे, दोन मिनिटांनी दोन मोठे चमचे लिंबाचा रस थोडा थोडा घालावा आणि दूध फाटले की फडक्यात बांधावे. सुमारे २०० ग्रॅम पनीर मिळते. उरलेल्या पाण्यात खाखऱ्याची कणीक भिजते. आम्लाने जमविलेले पनीर चीजसारखे वितळत नाही, म्हणून त्याचे तुकडे न करता ते हाताने लोण्यासारखे मऊ मळून घ्यावे. लोण्याऐवजी तूप आले. तीन चमचे तुपात तीन चमचे कणीक मंद आचेवर खमंग परतावी, दोन कप गरम दूध हळूहळू घालून गुठळी न होऊ देता दाट करावे. त्यात मीठ, मिरेपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची. लसणाची उणीव जिरे-मिरे भरून काढतात.

कार्तिकी पौर्णिमा होऊन गेलेली असल्याने पालक चालत होता. एक जुडी नीट निवडून, उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळावी. पाणी राहिले तर सारे पातळ होते. उकडलेले मक्याचे दाणे आणि परतलेली ढोबळी मिरची मिळून दोन कप घ्यावी. सॉस, भाज्या आणि अर्धे पनीर एकत्र करून तूप लावलेल्या भांड्यात ओतावे, उरलेले पनीर एक चमचा तुपासह वर पसरावे आणि २०० अंशांवर १५ ते २० मिनिटे, वर बदामी डाग पडेपर्यंत भाजावे. ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर देऊन, वर झाकण ठेवून भाजता येते. झाकणावर निखारे ठेवले की वरचा थरही खरपूस होतो. राजस्थानातून आलेल्या घरांना हे तंत्र नवे नाही. बाटी अशीच निखाऱ्यांवर भाजली जाई.

दूध उकळलेले असल्याने सोबत मुगाचा पापड असला तरी द्विदलाचा दोष येत नाही. वरून कच्चे दही मात्र घालू नये. पावाच्या जागी गव्हाचे खाखरे. आणि उष्ट्याचा प्रश्न एका डावाने सुटला: मोठे भांडे मध्ये, प्रत्येकापुढे आपली वाटी, भांड्यात फक्त डावच जाईल.

राहिला प्रश्न वेळेचा. दादींचा नियम सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे आधीचा. तेव्हा सारे पावणेपाचच्या आत आटोपायला हवे. भांडे सव्वाचारला बाहेर काढायचे ठरले. दुकानात त्या दिवशी मुनीमजींनी काटा सांभाळला आणि नातीचे वडील अर्ध्या तासासाठी घरी आले. जेवण शांतपणे झाले. दादींनी दोनदा वाटी भरून घेतली. वडील दुसऱ्या दिवशी पुन्हा घाईतच जेवले, हेही खरे. पण आठवड्यातून एक दिवस चार वाजता घरी यायचे, हे त्यांनी आपणहून कबूल केले.

भद्रावतीसारख्या तीर्थाच्या भोजनशाळेत सर्वांत काटेकोर नियम असलेल्या यात्रेकरूलाही चालेल असे अन्न शिजते, म्हणून तिथे सारे एका पंगतीत बसू शकतात. घरातही हेच माप लावावे. संप्रदायाप्रमाणे, घराप्रमाणे नियम कमी-अधिक असतात. पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य असेल तर हा पदार्थ त्या दिवशी करूच नये. चातुर्मासात पालकाऐवजी दुधी किसून, पिळून घ्यावा. मुलांना नवे हवे असेल तर नाही म्हणण्याआधी आपला नियम त्यांना कारणासह सांगावा, आणि मुलांनी तो ऐकून पदार्थ त्या मापाने बेतावा.

मोजूनच करावे, कारण ओला पदार्थ रात्री ठेवता येत नाही. वरील प्रमाण सहा माणसांना पुरते. भांड्याच्या कडेला चिकटलेला खरपूस भाग डावाने खरवडून वाटून घ्यावा आणि वाटी धुऊन ते पाणी पिऊन टाकावे. लहान मुले त्या खरपुडीसाठी भांडतात. तो वाटा दादींच्या हातून द्यावा.