लाथ खाल्लेला लिव्हर

2012 च्या जुलैत तळेगाव-चाकण रस्त्याच्या कडेला जीप उभी करून मी तिच्या लिव्हरला बुटाची टाच मारली. एकदा नव्हे, तीनदा. बाहेर पाऊस धो धो पडत होता आणि मागे कंटेनर हॉर्न वाजवत होते. फोर बाय फोरचा लिव्हर काही केल्या बाहेर निघत नव्हता. तिसऱ्या टाचेला आत काहीतरी वाकल्याचं पायाला कळलं.

भोसरी एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. हॉबिंग, शेव्हिंग, शेवटी तपासणी. दातांचा रनआउट काही मायक्रॉनने जास्त निघाला तर मी अख्खी बॅच अडवून धरत असे. गिअरबद्दल मला कुणी काही सांगावं, असं मला तेव्हा वाटतच नव्हतं. आणि नेमक्या त्याच बाबतीत मी चुकलो. ते कसं, हे आज सांगायचं आहे.

आदल्याच वर्षी मी जुनी डिझेल जीप घेतली होती. गिअरच्या दांड्याशेजारी दोन ठेंगणे लिव्हर. एक पुढचं हाउसिंग, म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल, जोडायचा-सोडायचा, दुसरा हाय-लोचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये इंजिनाची ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा स्पायसर कंपनीचा जो ‘मॉडेल 18’ ट्रान्सफर केस होता, त्याच घराण्यातली ही रचना. माझा ठाम समज असा की चार चाकं ओढत असली की गाडी दोन चाकांपेक्षा दुप्पट सुरक्षित. म्हणून पावसाळा सुरू झाला की मी फोर बाय फोर टाकून मोकळा व्हायचो. निगडी, स्पाइन रोड, मोशी, चाकण, सगळीकडे तसाच. स्टिअरिंग जड लागायचं. पार्किंगमध्ये वळवताना गाडी धक्के देत अडायची. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच,’ असं मी स्वतःला सांगायचो.

माझे भोसरीचे मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, “साहेब, डांबरावर फोर बाय फोर काढून ठेवत जा.” मी ऐकलं नाही. त्या जुलैच्या दुपारी जीप तशीच अडकलेल्या अवस्थेत त्यांच्या दारात नेली. ते आत बसले, सरळ रेषेत दहा-बारा फूट रिव्हर्स घेतली आणि लिव्हर दोन बोटांनी काढला. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र सगळ्यांसमोर म्हणालो, की मागे ऑइल सील बदलताना तुम्हीच आत काहीतरी चुकीचं बसवलंय. नंतर कारखान्यातल्या चार लोकांनाही हेच सांगितलं. मिस्त्रींचं काम बिघडलेलं नव्हतं. लिव्हरच्या टोकाचा आतला फोर्क वाकला होता तो माझ्या टाचेनं.

तो फोर्क सरळ करायला ट्रान्सफर केस खोलायचा दिवस गुरुवार होता. आमच्या पट्ट्याला सुट्टी, म्हणून मी स्वतः हजर राहिलो. खरं तर चूक पकडायलाच गेलो होतो. मिस्त्रींनी केस धुऊन बाकावर ठेवला, फोर्क सरळ केला, फोर बाय फोर टाकला आणि म्हणाले, “आता हाताने फिरवा.” मी फिरवलं. पुढे जाणाऱ्या आणि मागे जाणाऱ्या शाफ्टचे दोन्ही फ्लँज एकदम फिरले. मग त्यांनी पुढचा फ्लँज पान्याने धरून ठेवला. “आता फिरवा.” मागचा तसूभरही हलला नाही. दोघांच्या मधे डिफरन्शिअल नव्हतंच. होती फक्त दातांची एक सरकती कॉलर. ती बसली की दोन्ही शाफ्ट एक झाले.

मी तिथे किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. घरी येऊन टेप काढला. माझ्या जीपच्या दोन हाउसिंगमधलं अंतर साधारण 2.3 मीटर. मागचं हाउसिंग 5 मीटर त्रिज्येत वळलं, तर पुढचं सुमारे साडेपाच मीटर त्रिज्येत वळतं. पूर्ण फेरीत मागच्याला 31.4 मीटर आणि पुढच्याला 34.6 मीटर जायचं असतं. तीन मीटरहून जास्त फरक, आणि ट्रान्सफर केस म्हणतो दोघांनी सारखंच फिरायचं. चिखलात टायर थोडा घसरतो आणि हिशेब मिटतो. डांबरावर, अगदी ओल्या डांबरावरसुद्धा, टायर सहजी सुटत नाही. मग तो पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, गिअरच्या दातांत साठत जातो. कॉलरचे दात त्या दाबाखाली आवळून बसतात आणि लिव्हर निघत नाही. रिव्हर्स घेतली की पीळ उलगडतो. एवढंच होतं ते.

त्यात माझी आणखी एक चूक. पैसे वाचवायला मी पुढचे दोनच टायर नवे घातले होते. मागचे सुमारे 8 मिलिमीटर झिजलेले. साधारण 355 मिलिमीटर त्रिज्येच्या चाकात हा फरक सव्वादोन टक्के होतो. म्हणजे सरळ रस्त्यावरही दर किलोमीटरला बावीसेक मीटरची ओढाताण मी गाडीच्या पोटात कोंबत होतो. मायक्रॉनवर बॅच अडवणारा माणूस!

लोबद्दलही माझं मत चुकीचं होतं. रुतलेली गाडी बाहेर काढायला लो, एवढंच मी धरून चाललो होतो. पुढच्या पावसाळ्यात राजगुरुनगरहून भोरगिरीकडे गेलो, तेव्हा भातखाचरांकडे उतरणाऱ्या निसरड्या मुरमाड वाटेवर, उतारावरही लो टाकायचं मिस्त्रींचं सांगणं आठवलं. जीप पूर्ण थांबवली, क्लच दाबला, लो टाकला, पहिल्या गिअरमध्ये सोडली आणि ब्रेकवरचा पाय उचलला. या जातीच्या जीपमध्ये लो म्हणजे वेग निम्म्याहूनही कमी आणि ओढ सुमारे अडीचपट. इंजिन चारही चाकांना धरून राहिलं. एकही चाक लॉक न होता गाडी माणसाच्या चालीनं खाली उतरली. पुढचं हाउसिंग जोडलेलं नसेल तर या केसमध्ये लो पडतच नाही. हा कंटाळवाणा अडसर आहे असं मला वाटायचं. वाढलेली सगळी ओढ एकट्या मागच्या हाउसिंगवर येऊन ते तुटू नये, म्हणून तो ठेवलेला आहे. हाय आणि लोच्या मधल्या न्यूट्रलची गोष्टही तेव्हाच कळली. तिथे लिव्हर राहिला तर पहिला गिअर टाकलेली जीपसुद्धा उतारावर घरंगळते. ते न्यूट्रल पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ओढ बाहेर देणाऱ्या शाफ्टवर, शेतीची यंत्रं चालवता यावीत म्हणून होतं.

2011 पासून चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या एक्सयूव्ही 500 च्या, चारही चाकं ओढणाऱ्या मॉडेलमध्ये पुढची-मागची चाकं जोडायचं-सोडायचं काम इलेक्ट्रॉनिक क्लच करायचा. गरजेप्रमाणे तो स्वतःच धरायचा, स्वतःच सोडायचा. एके काळी मी म्हणायचो की जुनी रचना सदोष म्हणून नवी आली. आता तसं म्हणत नाही. जुन्या केसमध्ये दोष नाही. जमीन ओळखायचं काम त्याने चालवणाऱ्याकडे ठेवलं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

ज्या चौघांना मिस्त्रींबद्दल वाईट सांगितलं होतं, त्यांतल्या दोघांना घेऊन मी गॅरेजवर गेलो आणि त्यांच्यासमोर म्हणालो, की चूक माझी होती, तुमची नव्हती. मिस्त्रींनी हात पुसले. “ऑइल बदलायला आलाय ना साहेब? नव्वद नंबर संपलंय, पोराला पाठवतो आणायला.” एवढंच बोलले ते.

तुमच्याकडे अशी दोन लिव्हरची जुनी जीप असेल, तर चारही टायर एका मापाचे ठेवा आणि चिखल संपून डांबर लागलं की पुढचं हाउसिंग आधी सोडवा. लिव्हर अडला तर पाय उचलू नका. दहा फूट रिव्हर्स घ्या.