डाव्या पाट्याचा बोल्ट

पिकअपच्या मागच्या डाव्या चाकापासून हात-दीड हात पुढे, चेसिसला खालून जोडलेल्या जाड पत्र्याच्या दोन कानांमध्ये हा बोल्ट आडवा बसलेला असतो. अंगठ्याएवढा जाड, वितीहून आखूड. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गाडी धुणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही, दसऱ्याला झेंडूची माळ पडते ती बॉनेटवर, आणि लिंबू ठेवलं जातं ते चाकाखाली. पण गाडी पुढे जाते ती या बोल्टातून.

गाडीची रचनाच तशी आहे. इंजिन चाकं फिरवतं, चाकं रस्त्याला मागे रेटतात आणि त्या रेट्याने ॲक्सल पुढे सरकू बघतो. ॲक्सल यू-बोल्टांनी पाट्यांना, म्हणजे कमानीसारख्या स्प्रिंगांना, आवळलेला असतो, म्हणून तो पाट्यांना ढकलतो. पाटे आपल्या पुढच्या टोकाने चेसिसला ढकलतात, आणि पाटा नि चेसिस यांच्या मधे दुवा एकच: हा बोल्ट. डावीकडे एक, उजवीकडे एक. केबिन, हौदा, हौद्यातला टनभर माल, ड्रायव्हर, त्याच्या शेजारी बसलेली दोन माणसं, हे सगळं घाटात वर चढतं ते या दोघांच्या रेट्यावर. ब्रेक दाबला की तीच ओढ उलट्या दिशेने त्यांच्याच अंगावर येते.

पाट्याच्या मागच्या टोकाचं आयुष्य पुष्कळ सुखाचं. तिथे शॅकल, म्हणजे झुलता दुवा, असतो. माल चढला की पाट्याची कमान सपाट होते, सपाट झाली की लांब होते, आणि वाढलेली लांबी शॅकल झोका घेऊन पोटात घालतो. पुढच्या बोल्टाला ती मुभा नाही. त्याने एका जागी राहायचं. त्याने जागा सोडली की ॲक्सल तिरका होतो, गाडी एका अंगाने चालू लागते, आणि टायर कडेने झिजून गुळगुळीत होतात. हलणाऱ्या सगळ्या पसाऱ्यात न हलणं हे याचं काम, आणि त्याचा स्वभावही त्याच कामाने घडलेला.

मी ज्या बोल्टाबद्दल लिहितो आहे तो माझ्या मेव्हण्याच्या महिंद्रा पिकअपचा. या गाडीची उमेदीची वर्षं रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर गेली. पहाटे होड्या लागल्या की बर्फात दाबलेल्या बांगड्याचे, सुरमईचे क्रेट हौद्यात रचायचे आणि आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं. वाटेत बर्फ वितळतो. ते पाणी माशांवरून, खारटाण अंगावर घेऊन, हौद्याच्या फटींतून खाली टपकतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि हवेतली ओल ओढून घेत राहतं. वर रत्नागिरीचा पाऊस, वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त. असं ते पाणी नेमकं पाट्यांच्या बेचक्यात साचायचं आणि मग बोल्टाच्या अंगाला लागायचं.

पुढे मेव्हण्याने मासळीचा धंदा आवरला आणि श्रीरंगपट्टणच्या रस्त्याला रोपवाटिका घेतली. गाडी म्हैसुरात आली. हे शहर समुद्रसपाटीपासून ७५० मीटरांहून उंचावर, पाऊस वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास. इथल्या जुन्या गाड्यांचा रंग उन्हाने उडतो, रबर कडक होतं, पण खालचं लोखंड बऱ्यापैकी शाबूत राहतं. म्हणूनच बन्नीमंटपाच्या अंगाला असलेल्या गॅरेजमधले वयस्क मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले, स्क्रू-ड्रायव्हरने चिखलाचा एक पोपडा काढला आणि तिथूनच म्हणाले, "इदु समुद्रद गाडि, सार." ही समुद्राची गाडी आहे. नंबरप्लेट त्यांनी नंतर पाहिली.

आतला गंज समजून घेण्यासारखा आहे. हा बोल्ट थेट पाट्याला भिडत नाही. पाट्याचं टोक वळवून जो गोल केलेला असतो, त्यात रबराचा बुश बसतो, बुशच्या पोटात पोलादी नळी असते, आणि नळीतून बोल्ट जातो. नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये फट असते ती केसाएवढी. एवढ्या बारीक फटीत पाणी आपोआप शिरतं आणि सहजासहजी सुकत नाही. लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, ओलसर गंज तर त्याहूनही पुष्कळ. फट भरते, तरी गंज वाढतच असतो, आणि मग तो नळीला आणि बोल्टाला दोन्हीकडून दाबू लागतो. शेवटी त्या दोघांचा एकच दांडा होतो. बाहेरून पाहिलं तर वाटावं, काय घट्ट बसला आहे!

आणि इथेच या बोल्टाबद्दल सर्वांत मोठा गैरसमज होतो. घट्ट बसलेला बोल्ट म्हणजे चांगला बोल्ट असं आपण धरून चालतो. खरं तर बोल्ट कामाला येतो तो ताणात असतो म्हणून. नट आवळताना बोल्ट किंचित लांबतो, डोळ्याला दिसणार नाही इतका, आणि पुन्हा आखूड व्हायची त्याची ओढ दोन कानांना आतल्या नळीवर दाबून धरते. त्या दाबातून जे घर्षण निर्माण होतं, ते भार पेलतं. बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंग. हे ज्याला उमगलं त्याला लोखंडाकडे बघण्याची निराळी नजर येते.

म्हैसूरच्या मुलखाला ही नजर जुनीच. इंग्रजांनी टिपूचं राज्य घेतल्यावर १८००-०१ मध्ये फ्रान्सिस बुकानन या प्रांतातून हिंडला. म्हैसूर-बंगळूर रस्त्यावरचं चन्नपट्टण आज लाकडी खेळण्यांसाठी ओळखलं जातं. बुकाननने तिथे वाद्यांच्या तारा बनवणारे कारागीर पाहिले. पोलादाच्या त्या तारांना दूरदूरहून मागणी होती. ज्या म्हैसुरात वीणा शेषण्णांसारखे वादक झाले, त्या शहराला पोलादाचा ताण कानाने ओळखणं काही नवं नाही. तार उतरली की सूर उतरतो. बोल्टाचंही तसंच आहे. मिस्त्री हातोडीच्या टोकाने एकेक बोल्ट ठोकून ऐकत होते. यू-बोल्ट खणखणीत वाजले. शॅकलचा बोल्ट जरा जड वाजला. डाव्या पाट्याच्या या बोल्टावर हातोडी पडली तेव्हा आवाज आला तो ओल्या लाकडावर मारल्यावर येतो तसला. मग त्यांनी बोल्टाच्या डोक्याखालचा वॉशर बोटाने चाचपला. तो फिरला. नट पाइप लावलेल्या पान्याने हलत नव्हता, आणि वॉशर बोटाने फिरत होता! म्हणजे ताण केव्हाच संपला होता. बोल्ट जागेवर होता तो केवळ गंजाने धरलेला म्हणून.

मेव्हण्याचा फोनवर सल्ला साधा होता. "भावोजी, गॅसने उडवा आणि मोकळे व्हा." मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. गॅसची ज्योत लोखंड फुगवते, गंजाची पकड सुटते, हे खरं. एकट्या नटाला तापवलं तर तो फुगून आटे मोकळे करतो. १४ मिलिमीटर व्यासाचं लोखंड ३०० अंशांनी तापलं तर ०.०५ मिलिमीटरने फुगतं, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याने. पण गंजाचा थर फोडायला तेवढं पुष्कळ होतं. अडचण अशी की इथे हातभर अंतरात ब्रेकचा पाइप होता, त्याच्या वर डिझेलची टाकी, आणि बोल्टाभोवती रबर. रबर पेटलं तर दाट काळा धूर निघतो आणि तो छातीत बसतो. शॉकअबसॉर्बर तर बंद डबा. त्याला ज्योत लागली तर आतलं तेल आणि वायू तापून तो फुटू शकतो. घाई करणाऱ्या गॅरेजांत हेच सर्रास होतं, आणि त्यात माणसं भाजतात. मला मिस्त्रींचा नकार फार मोलाचा वाटला.

त्यांनी काम सुरू केलं ते तारेच्या ब्रशने. नटाबाहेर डोकावणारे आटे आधी स्वच्छ घासून घेतले, कारण नट मागे येईल तो याच आट्यांवरून. तिथला गंज तसाच ठेवला तर सुटलेला नट पुन्हा तिथे अडकतो. मग गंज सोडवणारं तेल. तेल घातलं, हातोडीने बेताचे ठोके दिले, पुन्हा तेल. ठोक्यांनी गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल त्यांतून आत उतरतं. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पाना लावला तो आधी आवळायच्या दिशेने, अगदी किंचित, मग उलट. "बरुत्ते, सार, बरुत्ते," येईल, येईल, असं मिस्त्री मला सांगत होते की बोल्टाला, ते कळत नव्हतं. पान्यांवर, व्हाइसवर, घणावर आयुधपूजेचं हळदकुंकू अजून शिल्लक होतं. आपल्याकडे खंडेनवमीला होतं तेच. ज्या हत्याराला कुंकू लावलं त्याला आडदांडपणे कसं वापरायचं, हा विचार त्या माणसाच्या हातात होता.

नट करकरत सुटला. गॅरेजातल्या पोऱ्याने टाळ्या पिटल्या. पण बोल्टाचा खरा स्वभाव दिसला तो यानंतर. डोक्याला पाना लावला की तो फिरायचा, मोकळा झाल्यासारखा फिरायचा, आणि पाना सोडला की मुकाट्याने होता तिथे परत यायचा. कारण फिरत होती ती नळीसकट जोडी. रबर पिळवटत होतं आणि बोल्टाला परत आणत होतं. पंच ठेवून घणाने मारलं तर मार रबर गिळून टाकायचं. पोलादाची ताकद, गंजाची पकड आणि रबराची लवचीकता, तिन्ही त्याने आपल्या बाजूला करून घेतली होती. एवढा एकवटलेला नकार मी क्वचितच पाहिला आहे, आणि खरं सांगतो, मला त्याच्याविषयी आदर वाटला.

दोन दिवस तेल आणि ठोके चालू राहिले. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी निर्णय घेतला. कान वाचवायचे, बोल्ट सोडायचा. चेसिसचा कान वाकला किंवा त्याचं भोक मोठं झालं तर नवा बोल्टही कधी नीट बसणार नाही. बोल्ट मात्र बाजारात मिळतो. कान आणि पाटा यांच्यामध्ये पातं जेमतेम शिरेल एवढी जागा होती. ग्राइंडरची ठिणगी टाकीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी हॅक-सॉचं नुसतं पातं घेतलं, एका टोकाला कापडाची मूठ केली आणि हाताने कापायला बसले. एक बाजू, मग दुसरी. चहा आला, निवला, पुन्हा आला. पाट्याचं टोक अखेर खाली उतरलं तेव्हा बोल्टाचे तीन तुकडे झाले होते: एक डोक्याचा, एक आट्यांचा, आणि मधला अजूनही नळीत.

तो मधला तुकडा प्रेसखाली धरून बुशमधून काढला आणि नळी उभी चिरली. आतला बोल्ट दोन्ही टोकांना, जिथून पाणी शिरत होतं तिथे, खड्डे पडून बारीक झाला होता. मिठाचा गंज असाच खातो, सरसकट नाही, जागा धरून. कापलेल्या तोंडावर मधोमध पोलाद मात्र स्वच्छ चकाकत होतं. मी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. एवढ्याशा चकाकत्या गाभ्यावर ही गाडी आंबा घाट चढली होती, मडिकेरीकडून रोपं घेऊन आली होती, आणि त्यात बसलेल्या कुणाला काही झालं नव्हतं.

नवा बोल्ट आणला त्याच्या डोक्यावर ८.८ असं उमटवलेलं आहे. पहिला आकडा सांगतो, दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत हा तुटणार नाही. दुसरा सांगतो, त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत हा लांबून पुन्हा मूळ मापावर येईल. १४ मिलिमीटरचा असा बोल्ट सरळ ओढला तर तुटायला नऊ टनांहून जास्त ओढ लागते. डोक्यावर खूणच नसलेला बोल्टही दुकानात होता, आणि स्वस्तही होता. तो अशा जागी घालणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं आहे, असं मी तिथल्या तिथे बोललो, आणि अजूनही माझं मत तेच आहे.

मिस्त्रींनी त्याच्या अंगाला ग्रीसचा पातळ हात दिला, आट्यांना मात्र नाही. त्यामागे हिशेब आहे. नट आवळताना आपण जो जोर लावतो, त्यातला साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत, आणि बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. आट्यांना ग्रीस लागलं की घर्षण कमी होतं, आणि नेहमीच्याच जोराने बोल्ट हवा त्याहून जास्त ताणला जातो. अंगाचं ग्रीस पाणी थांबवण्यासाठी.

मग बोल्ट घातला, नट हाताने बसवला, आणि पोऱ्या लगेच मोठा पाना घेऊन धावला तर त्याला थांबवलं. गाडी अजून घोडीवर होती, पाटे लोंबकळत होते. या अवस्थेत आवळलं तर नळी दोन कानांत पक्की होते, आणि गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं. आधी चाकं जमिनीवर, हौद्यात चार पोती माती, पाटा आपल्या रोजच्या कमानीवर, आणि मग शेवटचा आवळा. टॉर्क दाखवणाऱ्या पान्याची टिक ऐकू आली तरी मिस्त्रींनी हातोडीने एकदा ठोकून पाहिलंच. बोल्ट खणखणीत वाजला.

"उजवीकडचा उद्या," ते हात पुसत पोऱ्याला म्हणाले, "त्याला आत्ताच तेल घालून ठेव."