भाडं कोण देणार?

आमच्या मोहल्ल्यातलं धान्य आणि जुन्या कपड्यांचं केंद्र गेल्या महिन्यात मशिदीच्या मागच्या खोलीतून निघून रस्त्यावरच्या गाळ्यात गेलं. पिठाच्या गिरणीला लागूनच गाळा आहे. उजेड आहे, फरशी कोरडी आहे. एवढ्याशा बदलासाठी जमातीच्या चार बैठका झाल्या आणि आवाजही चढले.

मागची खोली फुकट होती. पण वजूखान्याला लागून असल्यानं पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, डाळीला किडे लागायचे. कपडे पोत्यांतच पडलेले असत. बाया आत हात घालून लागेल ते घेऊन जायच्या. शिवाय नमाजाला येणाऱ्या साऱ्या ओळखीच्या पुरुषांदेखत त्यांना रांगेत उभं राहावं लागे.

बैठकीत एका बुजुर्गांनी विचारलं, "भाड्याच्या 6,000 रुपयांत किती घरांचं डाळ-तेल येईल?" प्रश्न रास्त होता. प्राधान्य गटातल्या रेशनकार्डावर महिन्याला माणशी 5 किलो धान्य मिळतं. डाळ-तेल बहुतेक वेळा बाजारातूनच आणावं लागतं. केंद्राचा मुख्य आधार त्याचाच.

त्यात अडचण पैशाच्या प्रकाराची. हनफी फिक्हनुसार जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते. याला तमलीक म्हणतात. त्यामुळे जकातीतून गाळ्याचं भाडं किंवा वीजबिल भरता येत नाही. त्यासाठी लिल्लाह रक्कम लागते. रमजानमध्ये आपण अडीच टक्क्यांचा हिशेब पै-पैचा करतो, कारण जकात फर्ज आहे. लिल्लाह फर्ज नाही, म्हणून तिथं हात आखडतो.

तरीही भाड्याचा खर्च मला वायफळ वाटत नाही. जी वस्तू आपण स्वतः डोळे झाकल्याशिवाय घेणार नाही, ती दानासाठी निवडू नये, असं सूरह बकराची 267वी आयत बजावते. आपण हे कपड्याला लावतो, धान्याला लावतो. जागेला का लावू नये? ज्या रांगेत माझ्या आईला उभं करायला मी धजणार नाही, तिथं दुसऱ्याच्या आईला का उभं करावं?

नव्या गाळ्यात कपडे धुऊन, मापाप्रमाणे टांगलेले असतात. 10 किंवा 20 रुपयांची चिठ्ठी लावलेली असते. बाई शाळेचे दोन शर्ट उलटसुलट करून बघते, एक नापसंत करते, दुसऱ्याचे पैसे मोजते. तिथं ती गिऱ्हाईक असते. तेच पैसे भाड्याला थोडा हातभार लावतात.

पलीकडच्या वस्तीतल्या बिगरमुस्लिम बाया मशिदीच्या आवारात यायला बिचकायच्या. आता गिरणीत दळण टाकलं की सरळ आत येतात. बहुतेक फकीहांच्या मते जकात मुस्लिम गरजूंसाठीच असते; नफली सदका मात्र कुणालाही देता येतो. म्हणून केंद्रात दोन वह्या आहेत, दोन्हींचा हिशेब वेगळा. देताना पिशवी मात्र सगळ्यांना सारखीच.

करार 11 महिन्यांचा आहे आणि हातात जेमतेम 3 महिन्यांचं भाडं आहे. जकातीची वही भरलेली, लिल्लाहची रिकामी, अशी स्थिती राहिली तर धान्य पुन्हा त्याच ओल्या खोलीत जाईल. यंदा जकातीचा हिशेब मांडाल, तेव्हा त्याच कागदावर खाली आणखी एक आकडा लिहा. तुमच्याही मोहल्ल्यात असं केंद्र असेल, तर आधी विचारा, त्यांचं भाडं कोण भरतं?