लेकीच्या रक्ताची तपासणी

गेल्या हिवाळ्यात, धानाची कापणी उरकत आली असताना, एकोडीच्या आमच्या घरी आशाताई आल्या. "परवा अंगणवाडीत सिकलसेलची तपासणी आहे, लेकराला घेऊन या," एवढं सांगून पुढच्या घरी गेल्या. लेक पावणेदोन वर्षांची, दिवसभर कोंबड्यांमागे धावणारी. चांगल्या लेकराला सुई कशाला टोचायची, म्हणून आम्ही न जायचं ठरवून टाकलं.

खरं कारण सुई नव्हतं. ते एकमेकांना सांगायला दोन रात्री लागल्या. आम्ही दोघं आते-मामे भावंडं. एकाची अम्मी ती दुसऱ्याची फूफी. (आमच्याकडे सासरचं भांडणही माहेरचंच असतं!) हा आजार आईबापाकडून येतो, एवढं ऐकून होतो. लेकीच्या रक्तात काही निघालं तर ते आमच्या नात्यावर येईल, आणि उद्या तिच्या लग्नाच्या वेळी गाव बोलेल, ही धास्ती होती.

अम्मीचं म्हणणं सरळ होतं, "हा दुसऱ्या समाजांचा आजार. आपल्यात नसतो." विदर्भात तो आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही ओबीसी समाजांत जास्त आहे, हे खरंच. मध्य भारतातल्या या रक्तदोषाची नोंद १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये छापून आली होती. पण आमचे पूर्वज तरी कुठून आले? याच भागातले. रक्त जातीचा दाखला पाहत नाही.

मग दुसऱ्या रात्री अम्मीच बोलल्या. त्यांचा एक भाऊ नवव्या वर्षी गेला होता. थंडी सुरू झाली की हातपाय दुखून रडायचा, डोळे पिवळे दिसायचे. घरात सगळे वाताचा त्रास म्हणायचे. त्याची कधीच तपासणी झाली नाही, त्यामुळे नक्की काय होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण आम्ही दोघं उठून बसलो. तो अम्मीचा भाऊ, आणि आमच्यातल्या दुसऱ्याच्या अब्बांचाही. म्हणजे तो दोष असलाच, तर दोन्हीकडून आमच्यापर्यंत येऊ शकत होता. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

सकाळी लेकीला घेऊन गेलो. बोटातून थेंबभर रक्त घेतलं. ती रडली, आणि बिस्कीट मिळताच गप्प झाली. पहिल्या चाचणीत शंका आली, म्हणून शिरेतून रक्त घेऊन पुढच्या तपासणीला पाठवलं. मधले दिवस कसे गेले ते लिहीत नाही. तेव्हा नर्सबाईंनी समजावलं की आजार निघालाच, तर लवकर कळणं लेकराच्याच कामाचं असतं. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन देतात, लसी चुकू देत नाहीत, ताप आला की वाट न पाहता दवाखाना गाठायचा, पाणी भरपूर पाजायचं. त्या नऊ वर्षांच्या मुलासाठी हे करायला कोणाला ठाऊकच नव्हतं.

निकाल आला, लेक वाहक आहे, आजारी नाही. अल्हम्दुलिल्लाह. मग आम्ही दोघांनी रक्त दिलं. एक वाहक निघाला, एक नाही. म्हणजे पुढच्या बाळालाही हा आजार व्हायचा नाही. वाहक कोण, ते इथे सांगणार नाही. "तुझ्याकडून आलं" हे वाक्य या घरात बोलायचं नाही, असं ठरलं आहे.

कार्ड घेऊन आलो, तेव्हा अम्मींनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग स्वतःचा हात पुढे केला, "माझंही पाहा म्हणावं." आम्ही सांगितलं, २०२३ साली सुरू झालेली ही मोहीम चाळिशीपर्यंतच्यांसाठी आहे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

"मग धाकट्याचं करा. शव्वालमध्ये निकाह आहे त्याचा. आणि मुलीकडच्यांना मी स्वतः सांगते, तिचंही करून घ्या म्हणून."