ब्रानच्या किल्ल्यातली राजकन्या

रुमानियातल्या ब्राशोव शहरापासून ब्रानचा किल्ला जेमतेम ३० किलोमीटरवर आहे. पायथ्याशी दुकानांची रांग आणि जिकडेतिकडे ड्रॅक्युला: कपांवर, टी-शर्टवर, मुखवट्यांवर. गंमत म्हणजे ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर रुमानियात कधी गेलाच नव्हता! आमची मुलंही भुताच्याच ओढीने भराभर वर चढली. भूत काही दिसलं नाही. मला मात्र तिथे राजकन्या इलियाना भेटली.

१९२० मध्ये ब्राशोवकरांनी हा किल्ला राणी मारीला भेट दिला. अरुंद दगडी जिने, पांढऱ्या भिंती, लाकडी सज्जे. राजवाडा कमी आणि राहतं घरच जास्त वाटतं. १९३८ मध्ये राणी गेली आणि किल्ला धाकट्या लेकीकडे, इलियानाकडे आला. दुसऱ्या महायुद्धात तिने ब्रानमध्ये जखमी सैनिकांसाठी इस्पितळ काढलं. नाव ठेवलं ‘राणीचं हृदय’. तिथे ती स्वतः परिचारिका म्हणून राबली.

३० डिसेंबर १९४७ रोजी कम्युनिस्टांनी तिच्या भाच्याला, राजा मिहाईला, गादी सोडायला लावली. काही दिवसांतच इलियानाला नवरा आणि सहा मुलांसह देश सोडावा लागला. स्वित्झर्लंड, अर्जेंटिना आणि शेवटी अमेरिका. रात्रीच्या कपड्यांत गुंडाळून नेलेला आईचा नीलमण्यांचा मुकुट तिने विकला, ठिकठिकाणी व्याख्यानं दिली, संसार सावरला. मुलं मोठी झाल्यावर १९६१ मध्ये ती फ्रान्समधल्या मठात दाखल झाली. १९६७ मध्ये दीक्षा घेऊन मदर अलेक्झांड्रा झाली आणि पेनसिल्व्हेनियात एलवुड सिटीला तिने स्वतः मठ उभारला.

१९९० मध्ये, चार दशकांनंतर, तिला मायदेश पुन्हा पाहता आला. जानेवारी १९९१ मध्ये ती गेली. तिच्यासोबत एक छोटी डबी पुरली आहे. डबीत ब्रानच्या किल्ल्यासमोरच्या क्रुसाच्या पायथ्याची माती आहे. मुकुट विकला, पण माती आयुष्यभर जपली!

२००६ मध्ये सरकारने किल्ला तिच्या मुलांना परत केला. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-पणजीनेही गाव सोडताना असंच काहीतरी सोबत आणलं असेल. ब्रानला गेलात तर ड्रॅक्युलाचा कप जरूर घ्या, पण मुलांना इलियानाची गोष्टही सांगा. आणि घरी आल्यावर आजीला विचारा, तिने काय आणलं होतं?